एकतिसावी लेव्हल

आईच्या घोट्याच्या प्लास्टरला दोन आठवडे झाले होते. मी डायनिंग टेबलावर नववीचे गणिताचे पेपर तपासत बसले होते आणि ती समोरच्या खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून, माझ्या लॅपटॉपकडे बघत होती. अचानक म्हणाली, "ते नळवालं तुन्हा कम्प्युटरमा शे का?"

"कोणतं नळवालं?"

"आपला धुयाना कम्प्युटरमा व्हतं ते. पाइप जोडाना."

मला आठवायला थोडा वेळ लागला. मग हसू आलं. आणि हसता हसताच डोक्यात आलं, की हे मिळालं तर ही एका जागी बसेल.

कारण ती बसत नव्हती. धुळ्याच्या घरी मागच्या अंगणात पाय घसरून पडली, घोट्याचं हाड मोडलं, आणि आम्ही तिला गाडीत घालून जळगावला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही. पण मी शाळेतून परतायचे तेव्हा वॉकर कधी गॅलरीत, कधी स्वयंपाकघरात, एकदा तर जिन्याच्या दाराशी. तिची भांडी नाहीत, तिची गल्ली नाही, बोलायला कोणी नाही. त्यात लेकीचं घर. मी एकुलती एक, तरी तिच्या मनातून ते जात नव्हतं. जेवताना माझे यजमान म्हणायचे, "आई, अजून एक पोळी," की ती ताटावर हात आडवा धरायची. तिच्या स्वतःच्या घरी ती तीन भाकरी खाणारी बाई.

दिवसातून चार वेळा तोच विषय. "माले घर जानं शे." मी रागावायचे, पाच मिनिटांनी पुन्हा वॉकरची खटखट. त्या खटखटीने मलाही एका जागी बसवेनासं झालं होतं. वर्गात शिकवतानाही मला ती ऐकू यायची.

तो खेळ आमच्या घरी आला तो माझ्यामुळे. बारावीनंतर मी कम्प्युटरचा कोर्स लावला, तेव्हा बाबांनी कुठूनतरी एक जुना कम्प्युटर आणला. त्याच्यासोबत एक सीडी होती, शंभर खेळांची. मी त्यातले पाच-सहा पाहिले आणि सोडून दिले. एक दिवस क्लासहून लवकर घरी आले तर आई कम्प्युटरपुढच्या खुर्चीतून ताडकन उठली आणि फडक्याने पडदा पुसू लागली. पडदा काळा होता. पण आतून पाण्याचा गुळगुळ आवाज येत होता. तिने फक्त मॉनिटरचं बटण बंद केलं होतं. तिला वाटलं, झालं बंद.

खेळ साधा होता. पडद्यावर चौकोन. डाव्या कोपऱ्यात नळ, उजवीकडे कुठेतरी टाकी. बाजूला पाइपाचे तुकडे एकामागून एक येत राहायचे, सरळ, वाकडे, चौफुलीचे. ते चौकोनांत बसवत जायचं. दहा वेळा 'टक' वाजायचं, मग नळ सुटायचा आणि हिरवं पाणी पाइपातून पुढे सरकायचं. तुमचा रस्ता पाण्याच्या आधी टाकीपर्यंत पोचला पाहिजे. नाहीतर पाणी सांडलं, खेळ संपला.

प्रत्येक लेव्हल पार झाली की पडद्यावर चार इंग्रजी अक्षरं यायची. पुढच्या वेळी ती टाइप केली की तिथूनच सुरुवात. आई गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. ती कॅलेंडरच्या जुन्या पानामागे ती अक्षरं चित्र काढल्यासारखी उतरवून घ्यायची आणि मग कीबोर्डवर एकेक चित्र शोधायची. दोन वर्षांत तिला सगळी अक्षरं ओळखू यायला लागली. औषधाच्या पाकिटावरचं नाव ती बाबांना वाचून दाखवायची तेव्हा बाबा चकित व्हायचे. मी लग्न करून जळगावला आले, कम्प्युटर धुळ्यातच राहिला. बाबा गेले. त्यानंतर केव्हातरी कम्प्युटरही बंद पडला असं ती फोनवर म्हणाली होती. मी "बरं" म्हटलं होतं आणि विसरले होते.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग काढला. फोनवर तसलाच एक खेळ शोधला आणि तिच्या हातात दिला. रंगीत पाइप, हसणारे मासे, दर मिनिटाला जाहिरात. तिने दोनदा बोट फिरवलं आणि फोन परत केला.

"हाई ते नही."

"तेच आहे आई. पाइपच जोडायचे."

"याच्यात पाणी थांबून वाट पाहतं," ती म्हणाली. (तिची अहिराणी मी इथे पुष्कळदा सोपी करून लिहिते आहे.) "पाणी कधी थांबतं का?"

मग मी हट्टाला पेटले. खरं कारण सांगायचं तर तिच्या आनंदासाठी नाही. मला तिला त्या खुर्चीत बसवायचं होतं. प्लास्टर निघेपर्यंत, आणि जमलं तर त्यानंतरही. यजमानांशी माझं बोलणं झालं होतं. ती आता एकटी राहू शकत नाही, धुळ्याचं घर हळूहळू आवरायचं, तिला कायमचं इकडे आणायचं. फक्त तिला अजून सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी एसटीने धुळ्याला गेले. यजमान आईजवळ थांबले. एरंडोल, पारोळा, रस्ताभर मी मनात याद्या करत होते. काय ठेवायचं, काय देऊन टाकायचं, पलंग जिन्यातून वर कसा न्यायचा. देवपुरातल्या घराचं कुलूप शेजारच्या अक्कांनी उघडून दिलं. आईच्या मागे त्याच घर बघत होत्या. अंगण झाडलेलं होतं, तुळशीला पाणी होतं, मोरीतली पिंपं भरून वर ताटं झाकलेली.

"रोज फोन करते तुझी आई," अक्का म्हणाल्या. "नळ आला का, मांजर आली का, सगळं विचारते. कधी आणतेस तिला?"

"बघू अक्का. आता तिला तिकडेच ठेवायचा विचार आहे."

त्यांनी कुलूप कडीला अडकवलं. मग म्हणाल्या, "तिला विचारलं?"

मी काहीतरी पुटपुटले आणि आत गेले.

कम्प्युटर पलंगाखाली होता, आईने शिवलेल्या फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेला. सीडीचा डबा कपाटात सापडला. उघडला तर आत आमच्या लग्नाची सीडी. शंभर खेळांची सीडी कपाटात नव्हती, ट्रंकेत नव्हती, बाबांच्या कागदांत नव्हती. दोन तास मी ते घर उलथंपालथं केलं. कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडरची पानं चिकटवलेली होती, तिच्या त्या चार-चार अक्षरांच्या रांगा. मी त्यांच्यावरून नजर फिरवली आणि पुन्हा सीडी शोधायला लागले.

शेवटी जमिनीवर बसले आणि त्या डब्याकडे बघताना लक्षात आलं, सीडी कम्प्युटरच्या आतच असणार. शेवटची खेळली तेव्हा आत होती, मग तो बंदच पडला. वीज लावून काही उपयोग नव्हता. पण कोर्समध्ये शिकवलं होतं, ड्राइव्हच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं. मी साडीची मोठी सेफ्टी पिन काढली, उघडून सरळ केली, भोकात घालून दाबली. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा आत काहीतरी सुटल्याचा आवाज झाला आणि ट्रे बोटभर बाहेर आला. नखांनी ओढला. सीडी होती. ओरखडे पडलेली, पण अखंड.

मला इतका आनंद झाला की मी अक्कांना हाक मारून दाखवली. त्या म्हणाल्या, "हे न्यायला इतक्या लांब आली?" आणि मला भाकरी-भाजी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

जळगावात दुसराच प्रश्न. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. बाजारात कम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा. सीडी हातात घेऊन त्याने उजेडात तिरपी धरून पाहिली.

"मॅडम, आता लग्नाच्या सीडीसुद्धा कोणी आणत नाही. यात काय आहे?"

"खेळ आहे. आईला हवाय."

"मुलाला हवाय म्हणा ना."

"आईला. माझ्या आईला."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या खणातून वायरने जोडायचा ड्राइव्ह काढून दिला. "पण चालणार नाही," म्हणाला. "हा सोळा बिटचा असणार. तुमचं मशीन चौसष्टचं. त्याला याची भाषाच येत नाही."

त्याचं खरं निघालं. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, आणि शंभर खेळांची यादी पडद्यावर आली. आईने वॉकर सोडून टेबल धरलं. मी नळवाला खेळ निवडला, दोनदा टिचकी मारली. चौकट आली: हा प्रोग्रॅम या कम्प्युटरवर चालू शकत नाही.

"काय म्हणतो?"

"नाही म्हणतो."

"त्याला सांग, धुळ्याला चालत होता."

मी दोन दिवस नाही नाही ते करून पाहिलं. जुन्या आवृत्तीसारखं चालव, अशी एक खूण असते, ती केली. ॲडमिनच्या हक्काने चालव, तेही केलं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी फोनवर लोकांच्या तक्रारी वाचत बसायचे. जगभर माणसं हेच करत होती. कोणी विमानाचा खेळ, कोणी गाड्यांचा, कोणी बुद्धिबळ. एकेकाला वर्षं झाली होती. त्यांच्यातच मला उत्तर सापडलं. एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम असतो, तो नव्या कम्प्युटरच्या पोटात जुना कम्प्युटर उभा करतो. नकली. पण खेळाला ते कळत नाही.

तो उतरवून घेतला. काळी खिडकी उघडली, त्यात पांढरी रेघ उघडझाप करत होती. आणि गंमत, माझी बोटं आपोआप चालली. कोर्समधल्या त्या आज्ञा मी पंचवीस वर्षांत एकदाही वापरल्या नव्हत्या. फोल्डर बदल, यादी दाखव, चालव. पहिल्यांदा चूक, दुसऱ्यांदा चूक. एकदा नुसता आवाज आला, चित्र नाही. मी ओठ चावत पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं.

आणि चौकोन आले. डाव्या कोपऱ्यात नळ.

"व माय!" आई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली.

तिने माउस धरला. दहा टक वाजायला हव्या होत्या. त्या जागी एकच लांबलचक 'टर्र' झालं, नळ सुटला आणि तिचा हात पहिल्या पाइपापर्यंत पोचायच्या आत हिरवं पाणी सांडून खेळ संपला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. डोळ्यांची पापणी लवायला वेळ नाही.

"पाणी वाही गयं," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "माझा हात चालत नाही आता."

"तुझा हात नाही गं. मशीन फार वेगाने पळतंय. जुन्या कम्प्युटरची धाव कमी होती, खेळ त्या हिशोबाने बनवलेला आहे."

वेग कमी करायच्या कळा होत्या. मी दाबत गेले, पुष्कळ दाबल्या. आता पाणी मुंगीच्या पावलांनी निघालं. आईने सगळा पाइप जोडला, टाकीपर्यंत नेला, चष्मा पुसला, तरी पाणी अर्ध्यावर.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणीसारखी खाली बघायला लागले. "मी इतली म्हतारी हुई गयी का?"

"मग किती ठेवू? मला काय माहीत खरा वेग कोणता?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. जगातल्या त्या सगळ्या तक्रारींत प्रत्येकजण वेगळा आकडा सांगत होता. आई म्हणाली, "तू वाढव. मी ऐकते." तिने डोळे मिटले आणि उजवा हात टेबलावर उचलून धरला. मी एकेक पायरी वेग वाढवत गेले. टक. टक. टक. ती मान हलवायची, नाही. आणखी थोडा. नाही. यजमान बातम्यांचा आवाज बंद करून दाराशी येऊन उभे राहिले. टक, टक, टक. तिचा हात खाली आला.

"आते बस."

मी तो आकडा कागदावर लिहून ठेवला.

"चल, पहिल्यापासून सुरू कर," मी म्हटलं.

"पहिल्यापासून कसाले? मी एकतीसवर होते."

मला त्या कपाटाच्या दाराची आठवण झाली. ती पानं तशीच सोडून आले होते. "आई, ते कागद धुळ्यातच..."

पण ती कीबोर्डवर वाकली होती. एका बोटाने, न शोधता, तिने चार अक्षरं दाबली. पडद्यावर आलं: लेव्हल एकतीस.

बाबा गेल्यावर कम्प्युटर बंद पडेपर्यंत ती तिथेच अडकली होती, हे मला तेव्हा कळलं. किती महिने, मी विचारलं नाही. रोज दुपारी तीच चार अक्षरं.

त्यानंतर वॉकरची खटखट थांबली. मी शाळेतून यायचे तेव्हा ती खुर्चीत असायची, पाय स्टुलावर, जीभ दातांत धरलेली. एकतिसाव्या लेव्हलला टाकी नळाच्या अगदी शेजारी होती, पण मध्ये भिंत. पूर्ण पडदा फिरून यावं लागायचं आणि पाइपाचे तुकडे नको ते यायचे. ती हरायची, पुन्हा लावायची. कधी यजमानांना सांगायची, "जावईबापू, इथं वाकडा आला असता तर झालं होतं बघा." ते मान डोलवायचे. एक दिवस जेवताना तिने आपणहून चौथी पोळी मागितली.

मी खूश व्हायला हवं होतं. माझं जमलं होतं. पण तिच्याऐवजी आता मीच घरभर फिरायला लागले. तिच्या खुर्चीमागून जाताना मला अक्कांचा तो प्रश्न ऐकू यायचा. सांगू, आज सांगू, म्हणत मी कपडे वाळत घालायचे, घड्या करायचे, पुन्हा उलगडून घड्या करायचे. यजमान एकदा म्हणाले, "तू बस की जरा." मी त्यांच्यावरच खेकसले.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी हळूहळू चालायला परवानगी दिली. त्यानंतरच्या शुक्रवारी मी दुपारी शाळेतून आले तर लॅपटॉप बंद होता. आई बाहेर जायचं लुगडं नेसून सोफ्यावर बसली होती. पायाशी पिशवी.

"जमलं?" मी विचारलं. माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही.

"जमनं. सकाळीच."

"मग बत्तीसवी?"

"पाहिली नाही." तिने पिशवीचा बंद सरळ केला. "तुझी शाळा रविवारी बंद असते. रविवारी मला सोड. नाहीतर मी एसटीने जाते."

मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. "आई, एकटी कशी राहशील तू? परत पडलीस तर? मी इतकं धावले, धुळ्याला गेले, दुकानं पालथी घातली..." आणि मग ते बाहेर पडलं. "ते तुला इथे ठेवायला केलं मी."

"माले बठ्ठं समजस, सगळंच," ती शांतपणे म्हणाली. "अक्काने त्याच दिवशी फोनवर सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी धडपडत होतीस. तो खेळ चालू होईपर्यंत तुला चैन पडणार नव्हतं. म्हटलं, होऊ दे." मग म्हणाली, "आणि मला पण एकतीस पार करायची होती."

मी तिच्या शेजारी बसले. रडू येत होतं आणि रागही येत होता. "घर आवरायचं ठरवलं होतं आम्ही," मी म्हटलं.

"कोणाचं?"

तिने माझा हात घेतला आणि तिच्या घोट्यावर ठेवला, जिथे हाड जुळलं होतं तिथे. जरा टणक लागत होतं. "झालं ना हे? आता अंगणात फरशी खरबरीत बसवून दे. मोरीत धरायला दांडी लाव. अक्काकडे एक किल्ली राहू दे. आणि रोज फोन कर, पण दोनदाच."

तिने हे सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या खुर्चीत बसून पाइप जोडताना, पाय स्टुलावर ठेवून, माझ्या नाकासमोर.

शनिवारी मी तिला विचारलं, तुझ्यासाठी एखादा जुना लॅपटॉप बघू का, त्यात हे सगळं घालून देते. ती म्हणाली, "पाहू. आधी घर झाडू दे." संध्याकाळी यजमान बाजारातून दांडी घेऊन आले. मी तिच्या औषधांची यादी मोठ्या अक्षरात लिहिली आणि ती यादी तिने मला मोठ्याने वाचून दाखवली, इंग्रजी नावांसकट.

रविवारी आम्ही तिला धुळ्याला सोडलं. यजमानांनी मोरीत दांडी ठोकली, तिने ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली. अक्कांनी चहा केला. निघताना तिने मला नेहमीसारखं गालावरून हात फिरवून निरोप दिला आणि आम्ही गाडीत बसायच्या आतच आत वळली. दारातून मला तिची पाठ दिसली. पाय जरा ओढत होती.

पारोळ्याला चहाला थांबलो. मला चहा जाईना. मी तिला फोन लावला. उचलला नाही. दोन मिनिटांनी पुन्हा लावला. पुन्हा. चौथ्यांदा मी अक्कांना लावला.

"अगं, ती बाजारात गेली," अक्का म्हणाल्या. "मेथी संपते म्हणे उशीर झाला की."

"रिक्षाने ना?"

"चालत."

मी यजमानांना म्हटलं, गाडी फिरवा. त्यांनी माझ्याकडे बघत उरलेला चहा प्यायला, ग्लास टपरीवर ठेवला आणि गाडी जळगावच्याच रस्त्याला लावली.